टोरोंटो ते व्हँकुव्हर 'द कॅनेडियन'ने: आई-बाबांसाठी कुठली जागा घ्यावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबा पुण्याहून टोरोंटोला येत आहेत. तिथून पुढे व्हिक्टोरियाला बहिणीकडे जायचं आहे. व्हँकुव्हरपर्यंत विमानाऐवजी 'द कॅनेडियन' या गाडीने दोघांना पाठवावं असं मनात आहे. सोबत कोणी नसेल, दोघंच असतील. आई ६८ वर्षांची, बाबा ७३. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, शिडी चढणं तिला शक्यच नाही. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. दोघं शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत.

नेमकं विचारायचं ते असं. बर्थ, एकाची केबिन, दोघांची केबिन, प्रेस्टीज असे इतके प्रकार दिसतात, त्यातलं यांना काय सोयीचं? दोघांची केबिन हे उघड उत्तर वाटतंय, पण त्यात काही खोच आहे का? जेवणाचं कसं होईल? बॅन्फ आणि लेक लुईस खिडकीतून दिसतात का? आणि गाडी सकाळी ८ ला व्हँकुव्हरला पोचते, तर त्याच दुपारचं व्हिक्टोरियाचं विमान काढून ठेवू का?

लोअरबर्थ

आधी झोपायची जागा ठरवा. चार रात्रींचा प्रवास आहे. दोघांना तिथे नीट झोप लागली आणि रात्री-बेरात्री सुखरूप उठता आलं, तर बाकीच्या अडचणी निभावून नेता येतात.

दोघांच्या केबिनमध्ये खोच आहे. त्यात रात्री दोन बिछाने एकावर एक लागतात. दिवसा दोन खुर्च्या असतात, संध्याकाळी सेवक येऊन त्या घडी करतो आणि भिंतीतून वरचा-खालचा बिछाना काढून शिडी लावून देतो. आईंना खालचा दिलात की वरचा बाबांच्या वाट्याला येणार. ७३ व्या वर्षी हलत्या गाडीत, अंधारात, रात्री तीनदा शिडी उतरायची आणि तीनदा चढायची. संडास खोलीतच असला तरी तिथवर पोचण्याआधी ती शिडी आहेच. गाडी मालगाडीला वाट द्यायला थांबते आणि पुन्हा निघते तेव्हा हिसका बसतो, नेमकं त्याच वेळी माणूस शिडीवर असू शकतो. म्हणून वयस्कर जोडप्यांनी दोघांची केबिन डोळे झाकून घेऊ नये.

एकाची केबिन दोन घेतल्या तर दोघांनाही शिडी नाही. पण तिथे वेगळी गैरसोय आहे. खोली इतकी लहान की बिछाना अंथरला की कमोड त्याच्याखाली जातो. रात्री जायचं झालं तर एकतर बिछाना उचलून भिंतीला लावायचा, नाहीतर दार उघडून डब्यातल्या सामायिक संडासात जायचं. बाबांसाठी म्हणजे रोज रात्री तीन फेऱ्या. शिवाय 'शातो' नावाच्या डब्यांत एकाच्या केबिन एकाआड एक वर-खाली रचलेल्या आहेत. वरच्या खोलीत शिरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे खालच्या पातळीवरचीच मागावी लागेल. 'मॅनर' डब्यांत हा प्रश्न नाही, सगळ्या एकाच पातळीवर आहेत.

बर्थ हा प्रकार आपल्या लोकांना पटकन कळेल. आपल्या एसी टू टियरमधल्या साइड लोअर आणि साइड अपरसारखे बिछाने गाडीच्या लांबीच्या दिशेने, मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना असतात. पण आपल्यापेक्षा बरेच रुंद, जाड गादीचे, आणि पडदाही जाडजूड. दिवसा समोरासमोर दोन सोफे असतात, रात्री तेच ओढून खालचा बिछाना होतो आणि वरचा छताजवळच्या कप्प्यातून खाली येतो. खालच्याला खिडकी असते, वरच्याला नसते. संडास डब्यातला, सामायिक.

या दोघांसाठी मी असा क्रम लावेन.

सगळ्यात आधी शातो डब्यातली तिघांची केबिन. तिच्यात तीन बिछाने असतात, त्यातले दोन खाली. संडास आतच, वेगळ्या दारामागे. शिडी नाही, बाहेर जाणं नाही, दोघं एका खोलीत. पण एका डब्यात अशी एकच खोली असते, त्यामुळे लवकर जाते. संकेतस्थळावर दोन प्रवासी टाकले तर ती दिसेलच असं नाही. फोन करा आणि दोघांसाठी देतात का, भाडं दोघांचं लावतात की तिघांचं, हे स्पष्ट विचारून घ्या.

ती मिळाली नाही तर एकाच डब्यातले दोन लोअर बर्थ, शक्यतो मार्गिकेच्या अल्याड-पल्याड. दोन्ही बिछाने खाली, दोघांनाही खिडकी. वर अनोळखी माणूस असेल आणि दिवसा समोरच्या सोफ्यावर तोच बसेल, एवढी तडजोड आहे. बाबांना संडासाजवळचा बर्थ मागा. चुकूनही एक लोअर आणि एक अपर असं आरक्षण होऊ देऊ नका. दोन तरुण माणसांसाठी तो स्वस्त आणि उत्तम पर्याय आहे, तुमच्यासाठी नाही.

प्रेस्टीजमध्ये मोठा दुहेरी पलंग, स्वतःचा शॉवर, सगळं जमिनीच्या पातळीवर. भाडं स्लीपर प्लसच्या, म्हणजे आतापर्यंत सांगितलेल्या बर्थ-केबिनच्या वर्गाच्या, कितीतरी वर जातं. परवडत असेल तर प्रश्नच मिटला. इकॉनॉमीत नुसत्या मागे झुकणाऱ्या खुर्च्या असतात, चार रात्री तिथे या वयात नको.

मॅनर डब्यातली 'एफ' क्रमांकाची दोघांची केबिन बाकीच्यांपेक्षा मोठी असते आणि जाणकार तीच मागतात. पण बिछाने तिथेही वर-खालीच, म्हणून तुमच्या कामाची नाही. इतर कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा.

स्लीपर प्लसमध्ये शॉवर प्रत्येक डब्यात एक, सगळ्यांत मिळून. सकाळी गर्दी होते. दुपारच्या जेवणाच्या पहिल्या पंगतीची वेळ असते तेव्हा मोकळा मिळतो. टॉवेल-साबण गाडीकडून मिळतो. आत धरायला कडी आहे, तरी गाडी थांबलेली असताना आंघोळ उरकणं गुडघ्यांसाठी बरं.

घाटरस्ता

बॅन्फ आणि लेक लुईस दिसणार नाहीत. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही गाडी २४ एप्रिल १९५५ ला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने सुरू केली. तेव्हा ती कॅलगरी, बॅन्फ, लेक लुईस, स्पायरल बोगदे या दक्षिणेकडच्या मार्गानेच जायची. जुनी छायाचित्रं आणि जाहिराती सगळ्या त्या मार्गावरच्या आहेत. १९७८ मध्ये ती व्हिया रेल या सरकारी कंपनीकडे आली आणि १५ जानेवारी १९९० पासून तिचा मार्ग बदलून कॅनेडियन नॅशनलच्या उत्तरेकडच्या रुळांवर गेला. आता ती विनिपेग, सॅस्काटून, एडमंटन, जॅस्पर, कॅमलूप्स अशी जाते. १८८५ साली क्रेगेलाची इथे शेवटचा खिळा ठोकून पूर्ण झालेला जो प्रसिद्ध रेल्वेमार्ग, तो हा नव्हे. बॅन्फच बघायचं असेल तर व्हँकुव्हर–बॅन्फ धावणारी रॉकी माउंटेनियर ही वेगळी खासगी गाडी आहे. ती फक्त दिवसा चालते आणि रात्री प्रवाशांना कॅमलूप्सच्या हॉटेलात उतरवते.

मात्र मूळ गाडीचे डबे तेच आहेत. १९५४–५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने बांधलेले, बिनरंगी स्टेनलेस स्टीलचे. आतलं सामान आणि वीजव्यवस्था नंतर बदलली, पण सांगाडा तोच. सत्तर वर्षांचे डबे रोजच्या कामात, उणे तीस-चाळीस अंशांच्या हिवाळ्यातही धावतात, ही रेल्वेवर प्रेम करणाऱ्याला हेलावणारी गोष्ट आहे. त्याची दुसरी बाजूही माहीत असावी: मार्गिका अरुंद, दारं जड, दोन डब्यांमधल्या पत्र्यावर पाय ठेवताना तो हलत असतो. आईंनी तिथे दोन्ही हात मोकळे ठेवून चालावं, हातात चहाचा कप नको.

मार्ग एकूण ४,४६६ किलोमीटरचा. सध्या टोरोंटोहून गाडी आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी सकाळी सुटते आणि पाचव्या दिवशी सकाळी व्हँकुव्हर. वेळापत्रक ऋतूनुसार बदलतं, तिकिटाआधी ताजं पाहून घ्या.

पहिल्या संध्याकाळपर्यंत सडबरीचा परिसर. दुसरा दिवस अख्खा उत्तर ऑन्टारिओत जातो. बहुतेक प्रवासवर्णनं हा दिवस एका ओळीत संपवतात, ते मला पटत नाही. पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांपैकी हा खडक, हिमनद्यांनी खरवडलेला, आणि त्याच्या प्रत्येक खळग्यात तळं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळी, दलदल, स्प्रूस, बर्च आणि बीव्हरने बांधलेले लाकडी बंधारे. सप्टेंबरात बर्च आणि अ‍ॅस्पन पिवळे पडायला लागतात. या टप्प्यात कित्येक थांबे असे आहेत की आधी कळवलं तरच गाडी थांबते: जंगलातल्या झोपडीपाशी एखादं कुटुंब उतरतं, सामानाच्या डब्यातून त्यांची होडी उतरवली जाते आणि गाडी पुढे निघते. बाबांना सांगा, हा दिवस झोपेत घालवू नका.

दुसऱ्या संध्याकाळी विनिपेग. तिसरा दिवस गव्हाच्या मैदानांचा, धान्याची उंच कोठारं, तिसऱ्या रात्रीच्या सुमारास एडमंटन. चौथ्या सकाळी जॅस्पर, तिथे वेळेवर असेल तर गाडी बराच वेळ थांबते. मग यलोहेड खिंड, उंची १,१३१ मीटर. आपल्या कर्जत–लोणावळा घाटात ३७ मध्ये १ असा चढ आहे आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे त्याउलट, रॉकीज ओलांडताना चढ जाणवतही नाही, कारण मार्ग आखणाऱ्यांनी मुद्दाम सगळ्यात सौम्य खिंड निवडली. खिंडीनंतर थोड्या वेळाने उजव्या हाताला माउंट रॉब्सन, ३,९५४ मीटर, कॅनेडियन रॉकीजमधलं सर्वोच्च शिखर. तो पुष्कळदा ढगात असतो. जॅस्पर सुटल्यावर लगेच उजवीकडची जागा धरा.

काचेच्या घुमटाच्या डब्यात वर २४ जागा असतात आणि अरुंद जिना चढावा लागतो. आईंना जमेल असं वाटत नाही. उन्हाळी हंगामात एडमंटन–व्हँकुव्हर या टप्प्यात पॅनोरमा नावाचा काचेच्या छताचा एकमजली डबा जोडतात. त्यांनी डोंगर तिथून बघावेत. सप्टेंबरच्या तुमच्या तारखेला तो डबा आहे का, हे तिकीट काढताना विचारा. शेवटच्या टोकाचा गोल पार्क डबा हंगामात मुख्यतः प्रेस्टीजवाल्यांसाठी राखलेला असतो, स्लीपर प्लसवाल्यांना ठराविक वेळीच जाता येतं.

कोयनाकाठ

घाटरस्ता, एक वेगळं मत मांडतो. व्हँकुव्हरहून टोरोंटोकडे जाणं जास्त चांगलं, असं मला वाटतं. गाडी दुपारी ३ च्या सुमारास सुटते, फ्रेझर नदीची घळ उजेडात सापडण्याची शक्यता असते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी रॉब्सन, दुपारच्या आधी जॅस्पर. डोंगर ताज्या मनाने बघता येतात. पश्चिमेकडे जाताना घळ पूर्ण रात्री जाते.

घाटरस्ता

जून-जुलैत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, तेव्हा तिकडे साडेनऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य साडेसातच्या आसपास मावळतो, म्हणजे घळ लागेपर्यंत अंधारच. आणि या दोघांच्या बाबतीत घड्याळाचाही विचार करा. पश्चिमेकडे जाताना तीनदा घड्याळ एक-एक तास मागे जातं, म्हणजे तीन दिवस २५ तासांचे मिळतात. पूर्वेकडे जाताना तीनदा एकेक तास कापला जातो आणि नाश्ता शरीराच्या हिशोबाने पहाटे येतो. वयस्करांना पश्चिमेची दिशाच सोसते.

जाता जाता, ही एक गंमत रेल्वेप्रेमींसाठी: फ्रेझरच्या घळीत नदीच्या दोन काठांवर दोन कंपन्यांचे रूळ आहेत आणि दोघींनी करार करून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्या एकीच्या, पूर्वेकडे जाणाऱ्या दुसरीच्या रुळांवरून सोडायचं ठरवलं आहे. म्हणजे जाता-येता तीच नदी वेगवेगळ्या काठांवरून दिसते.

पाऊलवाट

डोळे उघडले. दोघांची केबिन जवळजवळ काढलीच होती. तिघांच्या केबिनसाठी उद्या फोन करते.

विमानाचं कोणी सांगेल का? सकाळी ८ ला गाडी, दुपारी ३ चं विमान. सात तास हातात आहेत, पुरतील ना?

सिग्नल_पडला

नाही, नका काढू. त्याच दिवशी संध्याकाळचंही नको.

उशीर का होतो ते कळलं की किती मोकळा वेळ ठेवायचा हे आपोआप कळेल. रूळ व्हियाचे नाहीत, कॅनेडियन नॅशनलचे आहेत, आणि ती मालवाहतूक करणारी कंपनी आहे. मार्गाचा मोठा भाग एकेरी. समोरून गाडी आली की एकीने बाजूच्या रुळावर जाऊन थांबायचं. मालगाड्या आता अडीच-तीन किलोमीटर लांबीच्या असतात आणि बाजूचे कित्येक रूळ तेवढे लांब नाहीत, म्हणजे मालगाडीला तिथे शिरणंच शक्य नसतं. आपली गाडी वीस-बावीस डब्यांची असली तरी त्यांच्यापुढे आखूड. म्हणून थांबते ती कायम आपणच. एका ठिकाणी वीस मिनिटं, दुसरीकडे पाऊण तास, असं चार दिवस साचत जातं. त्यात रुळांची कामं, उन्हाळ्यात वणवे. सध्याच्या वेळापत्रकात बराच फुगवटा घालून ठेवला आहे, त्यामुळे गाडी अधूनमधून वेळेआधीही पोचते आणि स्टेशनाबाहेर थांबून राहते. पण सहा-आठ तास उशीर ही काही दुर्मिळ गोष्ट नाही आणि त्याहून जास्तही होतो.

म्हणून व्हँकुव्हरला एक रात्र हॉटेल आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं. हॉटेल असं घ्या की उशिरा आलो तरी चालेल हे आधीच कबूल असेल.

तुमच्या बाबतीत तर विमानाची गरजच नाही. व्हिक्टोरियाला जाणारी बस पॅसिफिक सेंट्रल स्टेशनवरूनच सुटते, म्हणजे गाडी जिथे थांबते तिथूनच. ती त्वासेन बंदरात फेरीबोटीत चढते आणि सुमारे ९५ मिनिटांनी व्हिक्टोरियाच्या बाजूच्या स्वार्ट्झ बे बंदरात उतरते. दिवसभरात फेऱ्या बऱ्याच असतात, एक चुकली तर दुसरी. बसची जागा मात्र आधी राखून ठेवावी, आणि बदलता येणारं तिकीट घ्यावं.

आणखी एक. गाडी बारा तास उशिरा धावत असेल तर जॅस्पर संध्याकाळी येणार आणि रॉब्सन अंधारात जाणार. याला इलाज नाही, फक्त शक्यता वाढवता येते: सप्टेंबरच्या शेवटापेक्षा पहिल्या पंधरवड्यातली तारीख घ्या, दिवस मोठा असतो. मध्ये जॅस्परला उतरून पुढची गाडी धरायचा विचार असेल तर बुधवार-रविवारच्या गणिताने तिथे तीन किंवा चार दिवस राहावं लागतं, कमी नाही. जुलै २०२४ च्या वणव्यात गावाचा मोठा भाग जळाला, त्यामुळे राहायची सोय आधी पक्की करूनच तो बेत ठरवा.

गाडी कुठे आहे हे व्हियाच्या संकेतस्थळावर थेट दिसतं. तुम्ही घरबसल्या बघू शकता. आई-बाबांकडून फोनची अपेक्षा ठेवू नका: गाडीत वायफाय नाही आणि सडबरीपासून विनिपेगजवळ येईपर्यंत बहुतेक वेळ मोबाइलला रेंज नसते. हे त्यांना आणि पुण्यातल्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दीड दिवस फोन लागला नाही म्हणून सगळे घाबरतात.

मेतकूटभात

जेवणाबद्दल.

स्लीपर प्लसच्या भाड्यात तिन्ही वेळचं जेवण येतं, दारू वेगळी. चहा-कॉफी, बिस्किटं, फळं दिवसभर मिळतात. दुपारी आणि रात्री पंगती असतात, सेवक आधी विचारून वेळ ठरवतो. टेबल चौघांचं, म्हणजे समोर अनोळखी जोडपं बसणार. आई-बाबांसाठी पहिली पंगत सांगा, दुसरी उशिरा संपते.

प्रत्येक जेवणात एक शाकाहारी पदार्थ असतो, पण इथल्या 'व्हेजिटेरियन' शब्दात अंडं बसतं. नाश्त्यात हाच घोळ होतो. ऑम्लेट ओळखता येतं, पॅनकेक आणि फ्रेंच टोस्टमधलं अंडं दिसत नाही, केक-पुडिंगमधलंही नाही. त्यामुळे तिकीट काढतानाच 'शाकाहारी, अंडं नाही, मासे नाहीत' असं आरक्षणावर लिहून घ्या आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा फोन करून ती नोंद दिसते का ते तपासा. बाबांच्या खिशात हेच इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद द्या, प्रत्येक जेवणाला दाखवायला. हा कागद विनिपेगनंतर जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे गाडीतले सेवक बदलतात. पहिल्या दोन दिवसांत ज्यांना सगळं समजावलं ते उतरून गेलेले असतात.

याच कारणाने बक्षिशीही दोन भागांत. डब्याच्या सेवकाला आणि जेवणाच्या डब्यातल्यांना विनिपेग येण्याआधी पहिली, व्हँकुव्हरच्या आदल्या रात्री दुसरी. सुट्ट्या नोटा टोरोंटोहूनच घेऊन निघा.

नाश्त्याला ओट्सची लापशी, टोस्ट, तळलेले बटाटे, फळं हे चालेल. चौथ्या दिवशी मात्र जिभेला काहीतरी आपलं लागतंच. विजेची किटली किंवा शेगडी अजिबात नेऊ नका, डब्यातली वीजव्यवस्था त्यासाठी नाही. पण उकळतं पाणी मागितलं की मिळतं. तेवढ्यावर होईल असं न्या: भाजलेल्या रव्याचं तयार उपम्याचं मिश्रण, पातळ पोह्यांचं मिश्रण, झाकणाचा डबा. पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. दशम्या चार दिवस टिकतात, दुधात भिजवलेल्या. पाण्यातल्या पोळ्या तिसऱ्या दिवशी नको. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं छोट्या बाटलीत, पिशवीत पिशवी घालून. लोणच्याचं तेल सांडलं तर चार दिवस सगळ्या डब्याला वास येतो आणि खिडक्या उघडत नाहीत. पचनासाठी इसबगोल ठेवा. चार दिवस बसून, ब्रेड-बटाटे खाऊन आणि संडासाच्या काळजीने पाणी कमी पिऊन बद्धकोष्ठ होतोच, त्याचा विचार कोणी करत नाही.

सामान. मोठ्या बॅगा टोरोंटोला सामानाच्या डब्यात जमा कराव्या लागतात आणि व्हँकुव्हरपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. म्हणून औषधं, चष्मा, पासपोर्ट, कानाचं यंत्र आणि त्याची बॅटरी, चार दिवसांचे कपडे, शाल, न घसरणारी चप्पल हे सगळं हातातल्या मऊ छोट्या बॅगेत. चाकांची कडक बॅग मार्गिकेतून जात नाही आणि बर्थखालीही मावत नाही. पॉवर बँक ठेवा.

औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या. घड्याळ तीनदा मागे जाणार असल्यामुळे 'रात्री ९ ची गोळी' म्हणजे कुठल्या ९ ची, असा गोंधळ उडतो. सोपा उपाय म्हणजे बाबांचं मनगटी घड्याळ शेवटपर्यंत टोरोंटोच्या वेळेवर ठेवायचं आणि गोळ्या त्यावर घ्यायच्या. इन्सुलिन असेल तर मात्र जेवणाच्या वेळेशी जुळवावं लागतं, तिथे डॉक्टरांचाच सल्ला.

आणि प्रवासी वैद्यकीय विमा हवाच. उत्तर ऑन्टारिओत कोणी आजारी पडलं तर जवळच्या रस्त्यापर्यंत गाडी पोचायलाच वेळ लागतो.

पाऊलवाट

किती बारकाईने लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. फोन केला. तिघांची केबिन आमच्या तारखेला शिल्लक नाही. १० सप्टेंबरच्या आसपास एकाच डब्यात दोन लोअर मिळतायत, तेच घेते. शेवटचे दोन प्रश्न. पहिला, डब्यात चढायला पायऱ्या किती उंच? दुसरा, विनिपेगला खाली उतरून फिरता येईल का?

लोअरबर्थ

दोन लोअर उत्तम. आता तिकिटावर दोन्हीकडे 'लोअर' हा शब्द आहे का आणि डब्याचा क्रमांक एकच आहे का, हे पुन्हा एकदा वाचा. तिघांची केबिन नंतर कोणी रद्द केली तर मिळू शकते. दर आठवड्याला एक फोन करत राहा.

फलाट आपल्यासारखे डब्याच्या उंचीचे नसतात, बरेच जमिनीलगत असतात. डब्याला उभ्या पायऱ्या आहेत आणि सेवक खाली एक पायटा ठेवतो, तरी पहिली पायरी गुडघ्यांना जड जाते. दोन्ही बाजूंना दांडे आहेत. चढताना जास्त दुखरा पाय मागे ठेवायचा, उतरताना तोच आधी खाली, आणि उतरताना गाडीकडे तोंड करून. टोरोंटोच्या युनियन स्टेशनवर गाडी इतकी लांब असते की आपला डबा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला असू शकतो. तिथे चाकाच्या खुर्चीची मदत आरक्षणातच मागून ठेवा, ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते.

विनिपेगला गाडी वेळेवर असेल तर दोनेक तास मिळतात. स्टेशनच्या मागेच 'द फोर्क्स' हा नदीकाठचा बाजार आहे, सपाट रस्ता, पाच-सात मिनिटांचं चालणं. पण गाडी उशिरा असेल तर हा थांबा कापला जातो. उतरण्याआधी सेवकाला विचारायचं की परत किती वाजता यायचं, आणि ती वेळ टोरोंटोची की विनिपेगची तेही. बाबांचं घड्याळ टोरोंटोच्या वेळेवर असणार, ते एक तास पुढे आहे.